दर क्षणी किती? : विकलनाची तीन स्पष्टीकरणे

मराठीत ‘दर’ हा लहानसा शब्द दोन कामे करतो. ‘दर शनिवारी बाजार भरतो’ असे म्हणताना तो ‘प्रत्येक’ या अर्थाने येतो आणि ‘भुईमुगाचा दर काय?’ असे विचारताना तो भाव सांगतो. वरवर पाहता ही दोन कामे वेगळी वाटतात. थोडे थांबून पाहिले तर ती एकच आहेत. मालाचा दर म्हणजे दर क्विंटलला किती, व्याजाचा दर म्हणजे दर शेकडा दर साल किती, मजुरीचा दर म्हणजे दर दिवशी किती. एका राशीच्या प्रत्येक मात्रेमागे दुसरी राशी किती, हे सांगण्याची सोय फारसीतून आलेल्या या शब्दाने आपल्या भाषेत केव्हाच करून ठेवली आहे. सीमाभागातल्या आणि दूरच्या शहरांतल्या मराठी घरांना त्याचा आणखी एक फायदा आहे. कानडीत, हिंदीत, गुजरातीतही व्याजाचा ‘दर’च असतो. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असली तरी हा शब्द दोन्हीकडे ओळखीचा आहे.

असे असूनही अकरावी-बारावीच्या मुलासमोर ‘डीवाय बाय डीएक्स’ येते तेव्हा त्याला हा ओळखीचा शब्द कुणी सांगत नाही. त्याला सूत्रांची यादी मिळते. क्ष वर्गाचे दोन क्ष, साइनचे कॉस. वर्षाअखेरीस तो ती बिनचूक लिहितो आणि गुणही मिळवतो. पण ‘म्हणजे काय काढलेस?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ कोणत्याच भाषेत उत्तर नसते. गणित ही संकल्पनांची भाषा आहे हे खरे मानले, तर या गप्प होण्याचा विचार साहित्याच्या अंकात व्हायला हरकत नसावी. कारण दोष मुलाच्या बुद्धीत कमी आणि सांगण्याच्या रीतीत जास्त आहे. आणि सांगण्याची रीत हा समीक्षेचाच विषय आहे.

या लेखात विकलनाची तीन स्पष्टीकरणे तपासायची आहेत. पहिले भास्कराचार्यांचे, बाराव्या शतकातले. दुसरे केवळ एका शब्दातले, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘शून्यलब्धी’चे. तिसरे सिल्वेनस थॉम्पसन या इंग्रज प्राध्यापकाच्या १९१० सालच्या ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ या पुस्तकाचे. तिघांनाही एकच कसोटी लावू: वाचकाला क्षणाचा दर दिसतो का, आणि तो दिसताना मधली अडचण झाकली तर जात नाही ना?

१

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. कृष्णाकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ साली पूर पाहिला. पुराच्या रात्री पुलावरच्या पट्टीकडे पाहणारा माणूस एक प्रश्न कधीच विचारून थांबत नाही. ‘पाणी किती आहे?’ यानंतर लगेच ‘चढतंय की उतरतंय?’ आणि त्यानंतर ‘ताशी किती चढतंय?’ पहिला प्रश्न राशीचा आहे, तिसरा दराचा. घर सोडायचे की नाही हे बहुधा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. जाणता माणूस त्याहीपुढे जाऊन म्हणतो, ‘चढतंय अजून, पण चढ मंदावलाय.’ हा दराचाही दर झाला. गणिताच्या पुस्तकात ज्याला दुसरे विकलन म्हणतात ते चिकोडी-रायबागच्या शेतकऱ्याला अक्षरओळख नसतानाही कळलेले असते.

अडचण ‘ताशी’ या शब्दात आहे. तासाभरात पाणी सहा इंच चढले म्हणजे तासातल्या प्रत्येक क्षणी ते त्याच दराने चढत होते असे नाही. ‘आत्ता, या क्षणी कोणत्या दराने चढते आहे?’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण क्षणात तर काहीच चढत नाही. क्षण म्हणजे वेळ शून्य आणि चढही शून्य. शून्याला शून्याने भागून काय मिळणार?

एक दगड उंचावरून सोडला आणि सोयीसाठी असे धरले की सेकंदांच्या वर्गाला पाचाने गुणले की तो किती मीटर पडला ते मिळते. दोन सेकंदांनंतर तो २० मीटर पडला आहे. दोन सेकंद पूर्ण होण्याच्या क्षणी त्याचा वेग किती? पुढचा एक पूर्ण सेकंद घेतला तर तीन सेकंदांनंतर तो ४५ मीटरवर आहे. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. सेकंदाचा दहावा भाग घेतला तर पल्ला २२.०५ मीटरवर जातो, २.०५ मीटरला ०.१ ने भागले की दर येतो २०.५. शंभरावा भाग घेतला तर २०.०५. हजारावा घेतला तर २०.००५. काळ जितका आखडता घ्यावा तितका हा आकडा २० च्या जवळ सरकतो आणि हवा तितका जवळ आणता येतो. आपण शून्याने कधीच भागले नाही. पण भागाकार कुठे चालला आहे ते आपल्याला निश्चित कळले. त्या मुक्कामाला क्षणाचा दर म्हणायचे. विकलन म्हणतात ते एवढेच. त्यात दोन गोष्टी आहेत: एक भागाकार आणि त्या भागाकाराचा मुक्काम. यातली कोणतीही एक गाळली की समज अर्धी राहते. पुढच्या तिन्ही स्पष्टीकरणांत कोण काय गाळते ते पाहायचे आहे.

२

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पुरा केला. या ग्रंथाच्या ग्रहगणितात ‘तात्कालिक गती’ ही कल्पना येते. ती का आली हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व कळते.

चंद्र दिवसाला सरासरीने १३ अंश १० कलांच्या आसपास चालतो, पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात त्याची दिवसाची चाल सुमारे पावणेबारा अंशांपासून सव्वापंधरा अंशांपर्यंत बदलते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ; म्हणून तिथीही कधी वीस तासांची तर कधी सव्वीस-सत्तावीस तासांची होते. पंचांगातल्या क्षयतिथी आणि वृद्धितिथी यातूनच निघतात. २०२४ च्या दिवाळीत अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली, आणि लक्ष्मीपूजन कोणत्या संध्याकाळी करायचे यावर घरोघर वाद झाले, ते आठवावे. त्या आठवड्यात चंद्र पृथ्वीपासून दूरच्या टोकाजवळ होता, त्याची चाल मंद होती, म्हणून ती अमावास्या लांबली.

आता तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायचे तर आजची आणि उद्याची जागा घेऊन त्यांची वजाबाकी करणे पुरत नाही. ती दिवसाची गती झाली, आणि भास्कराचार्यांनी तिला स्थूल म्हटले. चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी सारखी राहत नाही, म्हणून त्या वेळेची, तात्कालिक, सूक्ष्म गती काढली पाहिजे, असे कारण त्यांनी आपल्या भाष्यात दिले आहे. ती काढण्यासाठी त्यांनी असा नियम वापरला की कोन थोडासा वाढला तर त्याच्या ज्येची वाढ कोटिज्येच्या प्रमाणात होते. आजचा विद्यार्थी ‘साइनचे कॉस’ म्हणून जे पाठ करतो ते हेच. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक जेथे सर्वांत मोठा होतो तेथे स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच असते, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे राशी शिखरावर असते तेव्हा तिच्या वाढीचा दर शून्य असतो.

हे वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण अभिमानाने समीक्षेची जागा घेऊ नये. ‘न्यूटनच्या आधी पाचशे वर्षे कॅल्क्युलस आमच्याकडे होता’ हे वाक्य दिवाळी अंकांत अनेकदा छापले जाते. या वादाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. बापूदेव शास्त्री हे मूळचे महाराष्ट्रातले. नागपुरात भास्कराचार्यांचे गणित शिकले, पुढे सिहोरला लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत भरले आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भास्कराचार्यांना विकलनाचे तत्त्व ठाऊक होते असा लेख लिहिला. १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याला उत्तर आले. ते लिहिणारा विल्यम स्पॉटिस्वूड पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. भास्कराचार्यांचे कौशल्य असामान्य आहे हे त्याने मान्य केले, पण काळाचे अंतर अतिसूक्ष्म होत जाते ही गोष्ट ग्रंथात स्पष्ट मांडलेली नाही, असा आक्षेप घेतला.

दोघांत कोण बरोबर? आपल्या कसोटीवर पाहिले तर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. भास्कराचार्यांच्या स्पष्टीकरणात क्षणाचा दर ठसठशीत दिसतो. तो का हवा, दिवसाच्या दराने का भागत नाही, हे त्यांच्याइतके स्वच्छ क्वचितच कुणी सांगितले असेल. न्यूटनच्याही शतके आधी ‘तात्कालिक’ हे विशेषण गतीला लावणे ही केवळ गणिताचीच नव्हे, भाषेचीही कामगिरी आहे. पण भागाकाराचा मुक्काम त्यांनी मांडला नाही, आणि हा दर कोणत्याही बदलत्या राशीला लागू करता येईल अशी सर्वसाधारण रीतही दिली नाही. त्यांचे काम चंद्राचे होते आणि ते त्यांनी चोख केले. त्यांना न्यूटन म्हणण्याने त्यांचा गौरव होत नाही. त्यांना नेमके काय सुचले ते सांगण्याने होतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो मठ ग्रंथांच्या अभ्यासासाठी होता हे लक्षात ठेवावे.

३

पुढचे स्पष्टीकरण एका शब्दाचे आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली वारले तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. तेवढ्या आयुष्यात त्यांनी जी पुस्तके केली त्यांत ‘शून्यलब्धिगणित’ हे विकलनावरचे आहे. मराठी गद्य अजून पाळण्यात होते, आणि कोकणातल्या पोंभुर्ले गावचा हा माणूस त्याच्याकडून उच्च गणित बोलवून घेत होता.

‘लब्धी’ म्हणजे भागाकार केल्यावर मिळते ते. ‘शून्यलब्धी’ या शब्दाचा सरळ अर्थ करायचा तर भाजक शून्याकडे नेल्यावर हाती येणारे फळ. शब्द जड आहे, ऐकताना थोडा गमतीदारही वाटतो. शून्यातून लाभ कसला, असे कुणीही विचारेल. पण नेमका हाच प्रश्न विद्यार्थ्याने विचारायला हवा. क्षणाच्या दरात जी अडचण आहे ती या शब्दाने नावातच उघडी ठेवली आहे. भागाकार आहे आणि शून्याकडे जाणे आहे, असे दोन्ही भाग त्यात आहेत. दर मात्र नाही. ‘लब्धी’ कशाची, वेगाची की चढाची, हे शब्द सांगत नाही.

पुढे हा शब्द मागे पडला. पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत कुठे ‘विकलन’ आले, कुठे ‘अवकलन’. ‘कलन’ म्हणजे मोजणे, हिशेब. त्याला उपसर्ग लावून जोड्या तयार झाल्या. शास्त्रीय परिभाषेला व्यवस्था हवी असते आणि या शब्दांनी ती दिली, हे कबूल केले पाहिजे. संकलन आणि विकलन, गोळा करणे आणि सुटे करणे, ही जोडी बांधणीच्या दृष्टीने सुबक आहे. पण व्याख्या बाजूला ठेवून मराठी कानाने ऐकले तर ‘विकल’ म्हणजे गलितगात्र, व्याकूळ. आणि ‘अवकलन’ म्हणजे काय ते कानाला काहीच कळत नाही. शब्दातून क्षण, दर, भागाकार, मुक्काम यांपैकी एकही गोष्ट डोकावत नाही.

येथे कुणी म्हणेल की इंग्रजीतला शब्द तरी कुठे बोलका आहे? आक्षेप खरा आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्यातून काढलेले’ एवढाच. तो फ्रेंच गणिती लाग्रांजच्या १७९७ च्या ग्रंथातल्या शब्दावरून रुळला, आणि लाग्रांजचा हेतूच अतिसूक्ष्म राशींचा घोळ टाळून सारे बीजगणितात बसवण्याचा होता. म्हणजे मूळ नाव देतानाच दराची कल्पना बाजूला ठेवली गेली. न्यूटनचा शब्द निराळा होता; तो वाहत्या राशींची भाषा बोलत असे आणि त्यांच्या वाहण्याच्या वेगाला त्याने वेगळे नाव दिले होते. जग मात्र लायब्निट्सची १६८४ पासूनची चिन्हे आणि लाग्रांजचे नाव वापरत राहिले. आपण त्या नावाचे संस्कृतात रूपांतर केले आणि त्यातला मुकेपणाही घेतला. घरात ‘दर’ असताना बाहेरून मुका शब्द आणला, एवढीच तक्रार आहे.

लोकभाषेला हे विचार पेलत नाहीत असे कुणी म्हणू लागले तर त्याला केरळ दाखवावे. माधवाच्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ लिहिली. तिच्यात ज्या, कोटिज्या आणि वर्तुळाचा परीघ यांच्या अनंत श्रेढी उपपत्तींसह दिल्या आहेत. ग्रंथ संस्कृतात नाही, मल्याळममध्ये आहे. नुसती सूत्रे न देता ती का खरी हे समजावून सांगायचे होते, आणि त्या कामाला बोलती भाषा पुरली.

४

आता थॉम्पसन. लंडनच्या फिन्सबरी येथील तांत्रिक महाविद्यालयात हे गृहस्थ पदार्थविज्ञान शिकवीत. विद्यार्थी विजेच्या कामावर जाणारे. त्यांना कॅल्क्युलस हवे होते आणि त्याची भीती वाटत होती. १९१० साली मॅकमिलनने पुस्तक काढले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते, रॉयल सोसायटीचे सभासदत्व सांगणारी अक्षरे तेवढी होती. १९१६ मध्ये थॉम्पसन वारल्यानंतर नाव उघड झाले. पुस्तक शंभर वर्षांहून अधिक काळ छापले जात आहे. १९९८ मध्ये मार्टिन गार्डनरने त्याची सुधारलेली आवृत्ती काढली.

या पुस्तकाची पहिली थोरवी त्याच्या सुरात आहे. पहिलेच प्रकरण भीती घालवण्यासाठी आहे. ‘डी’ हे अक्षर म्हणजे ‘चा थोडासा तुकडा’, एवढे सांगून लेखक पुढे जातो. क्ष बाजूचा चौरस घ्या, बाजू थोडी वाढवा. चौरसाला दोन बाजूंनी दोन अरुंद पट्ट्या लागतात आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौरस. पट्ट्यांचे क्षेत्रफळ मिळून दोन क्ष गुणिले तो तुकडा. कोपऱ्यातला चौरस तुकड्याचाही तुकडा, तो सोडून द्या. क्ष वर्गाचे दोन क्ष कसे होतात हे इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या आपुलकीने सांगणारे दुसरे पुस्तक सापडणे कठीण. भिंतीला टेकवलेल्या शिडीचे त्याचे उदाहरणही असेच नेटके आहे. १८१ इंचांच्या शिडीचा पाय भिंतीपासून १९ इंचांवर आहे. तो एक इंच मागे ओढला तर वरचे टोक सुमारे ०.११ इंच खाली येते. एकाच्या बदलामागे दुसऱ्याचा बदल किती, हे डोळ्यांना दिसते, आणि उतरणीला उणे चिन्ह का लागते तेही. चौदाव्या प्रकरणातले चक्रवाढ व्याज आपल्याकडच्या कुणाही व्यापाऱ्याला रुचेल: दहा टक्क्यांनी दहा वर्षे ठेवलेले शंभर सरळ व्याजाने दोनशे होतात, दरसाल चक्रवाढीने सुमारे २५९, आणि व्याज क्षणोक्षणी मुद्दलात पडत राहिले तर २७१ च्या थोडे वर. जितके आहे त्याच्या प्रमाणात वाढण्याचा दर, ही साऱ्या निसर्गात दिसणारी गोष्ट त्याने सावकाराच्या वहीतून काढली.

पण समीक्षकाने दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली, ‘वेळ बदलते तेव्हा’ हा विचार पुस्तकात आठव्या प्रकरणात येतो. तोपर्यंत वाचक सूत्रे हाताळायला शिकलेला असतो. क्ष आणि य या अनाम राशी आधी आणि दगड, गाडी, वेग मागाहून, असा क्रम लागल्याने ‘हा दर आहे’ हे मर्म उशिरा पोचते. आपल्या पाठ्यपुस्तकांचाही क्रम पुष्कळदा असाच असतो. त्यांत थॉम्पसनचा विनोद मात्र नसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कोपऱ्यातला चौरस ‘सोडून द्या’ हे कोणत्या हक्काने? तो शून्य असेल तर पट्ट्याही शून्य. तो शून्य नसेल तर सोडलेला हिशेब चुकीचा. बिशप बर्कलीने १७३४ साली न्यूटनच्या अनुयायांची याच मुद्द्यावर टर उडवली होती: धर्मातली गूढे मानणाऱ्यांना हसणारे हे लोक गणितात त्याहून मोठी गूढे मानतात, असा त्याचा रोख होता. त्याला नीट उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८२० च्या दशकात कोशीने विकलनाची व्याख्या भागाकाराच्या सीमेने केली आणि पुढे वायरस्ट्रासने तिला कडेकोट रूप दिले. दगडाच्या उदाहरणात आपण ज्याला मुक्काम म्हटले ती ही सीमा. थॉम्पसनला हे सारे माहीत होते. त्याने ते जाणूनबुजून बाहेर ठेवले. शेवटी तो स्वतःच टीकाकारांचे आक्षेप मांडतो आणि घड्याळ वापरायला घड्याळ बनवता यावेच लागत नाही, अशा अर्थाचे उत्तर देतो.

उत्तर चतुर आहे, पण अपुरे आहे. घड्याळ बनवता येऊ नये, ठीक; पण ते बंद पडले आहे हे वापरणाऱ्याला कळायला हवे. नदीचे पाणी संथपणे चढत असताना वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि चढ एकदम बदलला, असे समजा. आलेखाला त्या क्षणी कोपरा येतो. अलीकडून मोजलेला दर एक, पलीकडून मोजलेला दुसरा. क्षणाचा असा एकच दर तेथे नाहीच. वायरस्ट्रासने १८७२ मध्ये तर असा आलेख दाखवला की जो कुठेही तुटत नाही, पण ज्याला प्रत्येक बिंदूपाशी दर नाही. ‘थोडासा तुकडा’ एवढ्यावर विसंबणाऱ्याला या जागा दिसणार नाहीत. सूत्र उत्तर देत राहील आणि तो ते मानत राहील.

याच्या उलट टोकाला जी. एच. हार्डीचे ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’ आहे, थॉम्पसनच्या आधी दोनच वर्षे, १९०८ साली निघालेले. तेथे सीमा आधी, सारे काटेकोर, कुठेही हक्काविना काही सोडलेले नाही. पण ते वाचण्याइतका धीर असलेला विद्यार्थी आधीच अर्धा गणिती असतो. दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे शिकवण्याची खरी अडचण समोर येते: एक भीती घालवते आणि प्रश्नही घालवते, दुसरे प्रश्न सोडवते पण भीती ठेवते. निवड करायचीच तर पहिल्या वाचनाला थॉम्पसन आणि त्याच्या जोडीला दगडाचा तो घटत जाणारा तक्ता. कागदावर तीन ओळींचे काम आहे. पण ‘सोडून द्या’ हा हुकूम राहत नाही, मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसते की सुटते ते काय आणि उरते ते काय.

५

हा सारा विचार परीक्षेपुरता असता तर त्यासाठी इतकी पाने खर्चावी लागली नसती. दर न कळलेला माणूस वर्तमानपत्रही चुकीचे वाचतो. महागाईचा दर सहा टक्क्यांवरून चारवर आला अशी बातमी आली की पुष्कळ घरांत ‘मग डाळ स्वस्त का झाली नाही?’ असा राग निघतो. भाव उतरलेलेच नसतात; ते चढतच असतात, फक्त सावकाश. भाव ही राशी, महागाई हा तिचा दर, आणि ‘महागाई कमी झाली’ हे दराच्या दराबद्दलचे विधान. हे तीन मजले ज्याला वेगळे दिसत नाहीत त्याला कुणीही आकड्यांनी गुंडाळू शकतो. पुराच्या पट्टीजवळचा शेतकरी हे मजले वेगळे ठेवतो, कारण चूक झाली तर गोठ्यातली जनावरे जातात. पदवीधर माणूस ते विसरतो, कारण त्याला विकलन सूत्रातून भेटले, नदीतून नाही.

म्हणून मागणी साधी आहे. परिभाषा बदला असे म्हणण्यात अर्थ नाही; ‘विकलन’ आता रुळले आहे आणि शाळा कानडी असो की इंग्रजी, तिथला शब्द मुलाला शिकावाच लागणार. पण त्या शब्दाआधी घरात ‘दर’ यावा. बाजार, व्याज, पूर, पंचांग यांतून तो आधी पक्का व्हावा. मग ‘दर क्षणी किती?’ हा प्रश्न यावा आणि त्यातली अडचण मुलाला थोडी छळू द्यावी. भागाकाराचा तक्ता त्यानंतर, सूत्र सर्वांत शेवटी. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला याचा तोटा नाही. एकच कल्पना दोन नावांनी भेटली की नाव आणि कल्पना या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला इतरांआधी कळते, आणि गणितात पुढे जायला ही समज मोठ्या उपयोगाची आहे.

तिन्ही स्पष्टीकरणांचा निवाडा असा: भास्कराचार्यांनी दराची गरज सांगितली, जांभेकरांच्या शब्दाने अडचण लपवली नाही, थॉम्पसनने भीती काढली. एकाच पुस्तकात तिन्ही गुण असलेले मराठी पुस्तक कुणी लिहिले तर सीमेच्या अलीकडे-पलीकडे ते सारख्याच आवडीने वाचले जाईल. जांभेकरांनी सुरू केलेले काम तेवढे पुढे नेण्याइतकी मराठी आज नक्कीच समर्थ आहे.